पेरायचं की थांबायचं? पावसाच्या तारखा हलल्या, मग शेतकऱ्याच्या घरातलं काम कसं हललं

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना अडखळलो ते आणि मध्येच कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या त्या काढल्यात. बाकी जसं बोललो तसंच.)

हेडफोन लावून बसमध्ये ऐकताय त्यांना नमस्कार, आणि रेंज नाही म्हणून इथे वाचताय त्यांना तर आधी नमस्कार.

आज फक्त एका निर्णयापासून सुरुवात करू. जूनचा दुसरा आठवडा आहे. मराठवाड्यातलं एक गाव, चार एकर कोरडवाहू रान, घरात पाच माणसं. दोन दिवस बऱ्यापैकी पाऊस पडलाय. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सकाळीच रानात गेलाय. बियाण्याच्या पिशव्या ओसरीवर रचून ठेवल्यात. प्रश्न एवढाच, पेरायचं की थांबायचं?

शहरात वाढलेल्यांना वाटतं, यात काय एवढं, पाऊस पडला की पेरायचं. पण चूक झाली तर काय होतं याचा हिशेब मांडू. समजण्यापुरता हं, आकडे गावागणिक बदलतात. सोयाबीनचं बियाणं एकरी ३० किलो, म्हणजे चार एकरांना १२० किलो. किलोला १०० रुपये धरले तर १२ हजार. डीएपीची एक गोणी १,३५० रुपयांची, एकरी एक, म्हणजे ५,४००. पेरणीचं ट्रॅक्टरभाडं एकरी हजार धरलं तर चार हजार. झाले एकवीस हजार चारशे. पेरल्यावर आठ दिवसांत रोपं वर येतात, दोन पानांवर असतात, आणि पाऊस पंधरा-वीस दिवस गायब होतो. कोवळ्या रोपाची मुळं वरच्या दोन-तीन इंचांतच असतात. वरची माती तापते, रोप माना टाकतं. मग दुबार पेरणी. म्हणजे खत नाही तरी बियाणं आणि भाडं पुन्हा, आणि तेही बहुतेकदा उसनवारीवर, कारण पहिल्या पेरणीचेच पैसे उधारीचे असतात.

म्हणून कृषी विभाग दरवर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला बरोबर आहे. जमिनीत ओल खोलवर गेली की मधल्या खंडात रोप तग धरतं. मग लोक का थांबत नाहीत? अडाणी आहेत म्हणून? अजिबात नाही. थांबण्यालाही किंमत आहे म्हणून.

बघा, मूग आणि उडीद जुलैचा पहिला आठवडा उलटला की पेरण्यात अर्थ उरत नाही. सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत चालतं, पण उशीर होईल तसा उतारा घटतो, आणि पुढचा हरभराही मागे जातो. शिवाय काळी जमीन. ही जमीन कोरडी असताना दगड आणि ओली असताना चिखल. दोन्हीच्या मधली जी अवस्था असते, माती हातात धरली तर भुसभुशीत लागते, तिला वाफसा म्हणतात. पेरणी होते ती वाफशावर. आज थांबलात आणि उद्या ७० मिलिमीटर पडला, तर पुढचे सात-आठ दिवस ट्रॅक्टर रानात जाणारच नाही. आणि जेव्हा जाईल तेव्हा सगळ्या गावाला एकाच दिवशी ट्रॅक्टर हवा असेल.

माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. हवामान बदल म्हटलं की आपण पाऊस कमी झाला की जास्त झाला यावर बोलतो. शेतकऱ्याच्या घरात जाणवतं ते वेगळंच. काम करता येण्याजोगे दिवस कमी झालेत. जी पेरणी पूर्वी दहा-बारा दिवसांत निवांत व्हायची, ती आता दोन दिवसांत उरकावी लागते. खुरपणीचं तेच, काढणीचंही तेच. काम तेवढंच, दिवस मात्र कमी. आणि दिवस कमी झाले की कुणाला तरी जास्त राबावं लागतं, किंवा कुणाला तरी पैसे मोजावे लागतात. ते "कुणाला तरी" कोण, हे आज शोधायचंय.

आधी तारखांचं बोलू. जुनं गणित नक्षत्रांवर चालायचं. ७-८ जूनला मृग निघणार, २१-२२ जूनला आर्द्रा. मृगात पेरलं की साधलं, असं घरोघरी ऐकायला मिळतं. २०२५ चं साल आठवा. मान्सून २४ मे रोजीच केरळात पोचला, दुसऱ्या दिवशी तळकोकणात, आणि २६ मे रोजी मुंबईत. मोबाइलवर सगळीकडे "मान्सून आला"चे स्टेटस. आणि मग? जूनच्या मध्यापर्यंत तो पुढे सरकलाच नाही. कृषी विभागाला सांगावं लागलं की घाई करू नका. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात नद्यांना असे पूर आले की उभं पीक तर गेलंच, कित्येक ठिकाणी माती खरवडून गेली.

परतीच्या पावसाचं तर हवामान खात्यानंच मान्य केलंय. २०२० साली त्यांनी मान्सून येण्याच्या आणि परतण्याच्या सर्वसाधारण तारखा नव्यानं ठरवल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची जुनी तारीख होती २९ सप्टेंबर, नवी झाली ८ ऑक्टोबर. नऊ-दहा दिवसांचा फरक. ऑफिसला जाणाऱ्याला त्याचं काय? छत्री आठवडाभर जास्त बाळगायची. पण सोयाबीन हे साधारण ९० ते ११० दिवसांचं पीक. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलं तर नेमकं सप्टेंबर संपता संपता ते वाळून काढणीला येतं. म्हणजे शेंगा सुकल्या आणि वरून पाऊस. वाळलेली शेंग भिजली की दाणा काळा पडतो, आणि दोन-तीन दिवस ओल टिकली तर शेंगेतच कोंब फुटतो.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. "दादा, एकदा म्हणता पाऊस दडी मारतो, एकदा म्हणता पूर येतो. नक्की काय ते सांगा ना!" भाऊ, दोन्ही. मराठवाड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा वर्षअखेरीस गाठलाही जाईल. पण तो साठ दिवसांत झिमझिम पडला की पंधरा दिवसांत कोसळला, यावर पीक ठरतं. अरबी समुद्र तापल्यामुळे हवेत बाष्प जास्त येतं आणि ते एकदम कोसळतं. मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या टापूवर होणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या, असं हवामान शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं. दुसऱ्या टोकाला २०२३ चा ऑगस्ट. देशात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ऑगस्ट, ऐन शेंगा धरण्याच्या वेळेला. सरासरीनं यातलं काहीच कळत नाही.

मग लोक करतात काय?

पहिली गोष्ट, पेरायची पद्धत बदलली. त्यात सगळ्यात जास्त बोललं जातं ते बीबीएफबद्दल, मराठीत रुंद वरंबा-सरी. सोपं आहे. सपाट रानात पेरण्याऐवजी रुंद गादी करायची, तिच्यावर तीन-चार ओळी पेरायच्या, दोन्ही बाजूंना सरी सोडायची. पाऊस कमी असेल तर सरीतलं पाणी जागेवर मुरतं, जास्त झाला तर त्याच सरीतून बाहेर निघतं. दुष्काळ आणि पूर दोन्हींवर एकच उपाय असा क्वचितच सापडतो. काळ्या जमिनीसाठीची ही कल्पना हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेतली, १९७० च्या दशकातली. बियाणंही कमी लागतं, एकरी ३० ऐवजी २२ किलोच्या आसपास. अडचण यंत्राची. गावात बीबीएफ यंत्र एक, आणि वाफसा सगळ्यांना एकाच दिवशी. म्हणून लोकांनी जुगाड केलाय. साध्या पेरणी यंत्राचा एक नळा बंद करायचा, ती ओळ मोकळी राहते, नंतर डवऱ्यानं तिथे सरी पाडायची. यंत्र नसलं तरी काम भागतं.

दुसरी पद्धत टोकण. गादीवर ठरावीक अंतरानं एक-एक जागी दोन-तीन दाणे हातानं टोकायचे. बियाणं निम्म्याच्या आसपास लागतं, रोपं जोमदार येतात, यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. त्या व्हिडिओंत शेतमालक कॅमेऱ्याकडे बघून बोलत असतो आणि मागे आठ-दहा बायका वाकून टोकत असतात. एकदा त्या मागच्या बायकांकडे बघा. बियाण्यातली बचत त्यांच्या कमरेतून येते. ट्रॅक्टरवरचं काम बहुतेक पुरुषांचं, वाकून करायचं काम बहुतेक बायकांचं. बाहेरच्या मजूर लावल्या तर त्यांना रोज मिळतो. घरच्या बाईनं केलं तर तो खर्च हिशेबात येतच नाही, "घरचंच तर आहे". टोकण वाईट असं माझं म्हणणं नाही. पण "खर्च कमी झाला" असं कुणी सांगितलं की विचारा, कुणाचा?

दुसरी गोष्ट, पाणी. पिकाला ऐन वेळी एक पाणी मिळालं तरी मोठा फरक पडतो, म्हणून शेततळी. "मागेल त्याला शेततळे" ही योजना २०१६ ची. ३० बाय ३० मीटर आणि तीन मीटर खोल असं तळं घेऊ. बाजू उतरत्या असतात, त्यामुळे त्यात साधारण २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावतं. एका एकरावर पाच सेंटिमीटरचं पाणी द्यायला दोन लाख लिटर लागतं. कागदावर अकरा एकर भिजले. प्रत्यक्षात उन्हानं उडतं, जमिनीत मुरतं, तरी चार एकरवाल्याला एक-दोन पाणी देता येतं. पावसाच्या पाण्यानं भरलं तर ही चांगली सोय आहे.

पण अनेक ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरतात आणि बोअरचं पाणी उपसून ते भरतात. आता गंमत बघा. जमिनीखालचं पाणी सगळ्या शिवाराचं, तिथे ते उन्हापासून सुरक्षित होतं. ते वर काढून उघड्यावर ठेवलं, म्हणजे थोडं उडून गेलं आणि उरलेलं एकाचं झालं. ज्याच्याकडे बोअर खोल न्यायला पैसे, त्याची फळबाग जगली. शेजारणीची विहीर फेब्रुवारीतच आटली. योजनेच्या यादीत दोन्ही घरं "लाभार्थी गाव" म्हणूनच दिसतात. मला स्वतःला या प्रकाराबद्दल फार शंका आहे.

तिसरी गोष्ट लोक सहसा जोडून बघत नाहीत. ज्वारी. मराठवाड्यात ज्वारी कमी होत गेली आणि सोयाबीन वाढलं. कारण सरळ आहे, सोयाबीन लवकर येतं, रोख पैसा देतं, काढणीची कटकट कमी. पण ज्वारीबरोबर कडबा यायचा. कडबा गेला तशी जनावरं परवडेनाशी झाली, सोयाबीनचं भुसकट म्हणजे काही कडबा नव्हे. जनावरं गेली तसं शेणखत गेलं. शेणखत गेलं तशी जमिनीची ओल धरून ठेवायची ताकद कमी झाली. आणि ओल धरत नाही म्हणून आठ दिवसांच्या खंडातच रोप माना टाकतं. म्हणजे परत आपण ओसरीवरच्या त्या पिशव्यांपाशी आलो. एका अडचणीवर शोधलेली वाट दुसऱ्या अडचणीकडे गेली. तूर, मूग, उडीद मिसळून पेरणारं घर एका पावसानं पूर्ण बुडत नाही. नुसत्या सोयाबीनवाल्याचं सगळं त्या दोन आठवड्यांवर असतं.

याच्या उलट दिशेनं गेलेला एक प्रयोग सांगतो. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था महिला शेतकऱ्यांबरोबर काम करते. त्यांचं एक एकर मॉडेल प्रसिद्ध आहे. बाईनं घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर आपल्या निर्णयासाठी मागून घ्यायचा. त्यावर भाज्या, कडधान्यं, ज्वारी-बाजरी अशी घरात खायची पिकं मिसळून घ्यायची, खत घरचं, पाणी थोडं. उरलेल्या रानात घरच्यांनी हवं ते पेरावं. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला यातली पिकांची यादी तितकी महत्त्वाची वाटत नाही. "काय पेरायचं" हे ठरवायचा हक्क, एका एकरापुरता का होईना, बदलला. इतके दिवस ती राबत होतीच, पण बियाणं कुठलं आणायचं हे तिला कुणी विचारत नव्हतं. आणि अडचणीच्या वर्षी घरात खायला काय आहे, हे सगळ्यात आधी तिलाच बघावं लागतं.

आता ज्यांना यातलं काहीच जमत नाही, त्यांचं काय? त्यांची जुळवून घेण्याची रीत फार जुनी आहे. गाव सोडणं. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलपर्यंत परत येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि ती तोडणी करून फेडायची. खरीप गेलं की उचल जास्त घ्यावी लागते, फिटली नाही तर पुढच्या साली परत त्याच मुकादमाकडे. गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं, आणि राहिलेल्या शेळ्यांना चारा-पाणी बघणारी चौदा-पंधरा वर्षांची एखादी मुलगी. तिची शाळा नोंदवहीत चालू असते. कुठल्याही हवामान अहवालात तिचं हे काम धरलेलं मी पाहिलं नाही.

आणि एक नवं काम आलंय, त्यातलं थोडं तुमच्या वाट्याचं आहे. फोनवरचं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, म्हणजे रानात उभं राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावर पीक नोंदवायचं. ती नोंद नसेल तर पुढे मदतीच्या वेळी भांडण. पीकविमा २०२३ च्या खरिपात एक रुपयात होता, २०२५ मध्ये ते बंद होऊन खरिपाला दोन टक्के हप्ता परत आला. अतिवृष्टी धरायची तर महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला जावा लागतो. तुमच्या रानात ढग फुटला आणि मंडळाच्या यंत्रावर ४० मिलिमीटर दिसला, तर कागदावर अतिवृष्टी झालीच नाही. हे सगळं वाचणं, भरणं, स्क्रीनशॉट ठेवणं घरात कोण करतं? बहुतेकदा पुण्याला किंवा संभाजीनगरला शिकणारा मुलगा किंवा मुलगी, फोनवरून. "बाबा, लोकेशन चालू करा. नाही, तो नाही, वरचा गोल दाबा." हे ज्यांनी केलंय त्यांना माहितेय, हे पण शेतीचंच काम आहे.

तर तुम्हीच ते करत असाल तर दोन उपयोगाच्या गोष्टी. हवामान खात्याचा तालुक्यापर्यंतचा पाच दिवसांचा अंदाज आणि कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. मेघदूत ॲपवर तो मराठीत दिसतो. घरी फोन करून "पाऊस येणार आहे म्हणे" असं मोघम सांगू नका. "पुढचे पाच दिवस कोरडे दाखवतायत, आपल्या मंडळात आतापर्यंत ३८ मिलिमीटर झालाय" असं सांगा. पेरायचं की नाही ते घरचे ठरवतील. त्यांना शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरपेक्षा भरवशाचा एक आकडा तरी मिळेल.

दुसरी गोष्ट ॲपशिवायची. सोयाबीन हे स्वपरागी पीक आहे, म्हणजे घरचं चांगलं बियाणं दोन-तीन वर्षं वापरता येतं, दरवर्षी पिशवी विकत घ्यायलाच हवी असं नाही. घरचं बियाणं असेल तर दुबार पेरणीचा फटकाही कमी बसतो. फक्त ते उगवतं का, हे मे महिन्यातच बघायचं. बारदान ओलं करा. त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडा. वरून दुसरं ओलं बारदान टाका, गुंडाळा, सावलीत ठेवा आणि रोज थोडं पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त आले तर नेहमीच्या मापानं पेरा. साठ ते सत्तरच्या मध्ये असतील तर बियाणं थोडं वाढवा. साठच्या खाली आले तर ते विकून टाका, पेरू नका.

इथे परत सप्टेंबर आडवा येतो. काढणीच्या वेळी भिजलेल्या सोयाबीनची उगवण हमखास घटते. म्हणून काही घरी आता सगळं रान एकाच दिवशी काढत नाहीत. बियाण्यासाठीचा अर्धा एकर वेगळा ठेवतात, उघडीप मिळाली की आधी तेवढाच काढून ताडपत्रीवर वाळवतात, मळणी यंत्राचा वेग कमी ठेवतात, आणि पोती चार-पाचच्या वर रचत नाहीत, कारण सोयाबीनचं साल फार पातळ असतं, आपटलं तरी दाणा मरतो. बाकीचं रान पावसानं काळं पडलं तरी पुढच्या जूनची एक पेरणी त्या पोत्यांत शिल्लक राहते.

तुमच्या घरी यंदा कुणी बारदानावर उगवण तपासली असेल तर शंभरातले किती आले ते व्हॉइस नोटमध्ये नक्की सांगा. आणि आईनं मोजले असतील तर आईच्याच आवाजात पाठवा. पुढच्या भागात तुती आणि रेशीम. भेटू!